ख्रिस्तपुराणातील प्रश्न आणि आपली उत्तरे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ म्हटले की, त्यातील मराठीची स्तुती तेवढी आपल्याला आठवते. सभासंमेलनांतून तिचा गौरव होतो आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा उर्वरित ग्रंथ आदरपूर्वक बाजूस ठेवला जातो. वस्तुतः श्रद्धेविषयी कुणी प्रश्न केला असता उत्तर कसे द्यावे, याचा वस्तुपाठ या ग्रंथात आहे.

1616 साली रोमन लिपीत छापल्या गेलेल्या या काव्याचा उगमच एका प्रश्नात आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? हा प्रश्न अवघड आहे आणि त्यात व्यथाही आहे. सबंध ग्रंथ हे त्याचे उत्तर होय. पुढेही श्रोते शंका काढतात आणि पाद्रीगुरू त्यांचे निरसन करतात. उत्तरासाठी कवीने ओवी स्वीकारली, पुराणाची घडण स्वीकारली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. परंतु ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान यांच्या अर्थात तिळमात्र तडजोड केली नाही. विचारणाऱ्याची भाषा आणि सांगणाऱ्याची निष्ठा यांचा असा मेळ विरळा.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅथलिक उपासनेला बंदी असलेल्या इंग्लंडमधून आलेले स्टीफन्स 1579 साली गोव्यात पोहोचले. येथे मात्र राजसत्ता त्यांच्या धर्माच्या बाजूस होती आणि साष्टीतील देवळे 1567 सालीच पाडली गेली होती. मूर्तिपूजेवर टीका करताना कवीचा स्वर कठोर होतो, तेव्हा ऐकून घेणारा गुरू दिसेनासा होतो. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट केले. तेव्हा त्या कठोरतेचे अनुकरण आपण करू नये.

आज शेजारी सहज विचारतात, ‘तुम्ही मरियेची पूजा करता ना?’ किंवा ‘देवाला सर्व ठाऊक असता पापे धर्मगुरूंना का सांगायची?’ आपण एकतर हसून विषय टाळतो, नाहीतर रागावतो. दोन्ही रीतींनी संभाषण संपते. आराधना केवळ परमेश्वराची. मरियामातेला आपण मान देतो व आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतो, हे साध्या मराठीत सांगता आले पाहिजे. पापक्षमा देवच करतो. धर्मगुरू तिचा सेवक असतो, हेही. उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे, असे संत पेत्राच्या पहिल्या पत्राचेही सांगणे आहे.

याहून निकडीचे प्रश्न घरातच उभे राहतात. मुलाने शंका काढली की ‘असे विचारू नये’ म्हणून आपण त्याला गप्प करतो. पुढे ते विचारेनासे होते आणि त्यालाच आपण श्रद्धा समजतो. शांताराम बंडेलू (1956) आणि फादर कारिदाद द्रागो (1996) यांनी हे पुराण देवनागरीत आणले आहे. येत्या उपवासकाळात त्यातील पहिला अवस्वरू कुटुंबात मोठ्याने वाचावा आणि वाचून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.