शाळेच्या बँडची फर्माईश

फर्माइशीवरून केलेली कला म्हटली की आपल्या रसिकांच्या कपाळावर आठी उमटते. राजपुत्राच्या बारशावर दरबारी कवीने रचलेले काव्य आणि एखाद्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवासाठी बेतलेले गीत यांना आपण एकाच पंक्तीस बसवितो आणि त्या पंक्तीवरून उठवितोही एकदमच. त्यातून फर्माईश करणारी शाळा असली व वाजविणारी मुले असली, तर टीकाकाराने तिकडे वळून पाहण्याचेही कारण नाही असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे या समजाचा भागीदार होता. परभणीतील एका शाळेच्या पटांगणावर तो ढळला, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा, म्हणजे १७ सप्टेंबरचा. ध्वजवंदन झाले आणि मुलांच्या बँडने राज्यगीत वाजविले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांनी महाराष्ट्राच्या कानांत कायमचे बसलेले हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. ज्या गोदावरीचे नाव त्यात येते ती याच जिल्ह्यातून वाहते. तेव्हा आमच्या मुलांनी ते वाजवावे यात अनुचित काहीच नाही. परंतु ऐकू आले ते असे: दोन बासऱ्या चाल कशीबशी ओढीत होत्या, ढोल आणि ताशे त्यांच्यावर कुरघोडी करीत होते, आणि चार बिगुलवाले बिगुल कमरेशी धरून मुकाट उभे होते. शेवटच्या ओळीला त्यांना खूण झाली. त्यांनी गाल फुगवून जे स्वर काढले त्यांचा चालीशी काडीचाही संबंध नव्हता. लोकांनी टाळ्या वाजविल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘मुलेच ती, चालायचेच.’

मला मात्र ते चालण्यासारखे वाटले नाही. कारण दोष मुलांचा नव्हता आणि त्यांना शिकविणाऱ्या मास्तरांचाही नव्हता. बिगुलाला ना छिद्रे, ना कळा. फुंकरीच्या जोरावर आणि ओठांच्या ताणावर त्यातून निघतील तेवढेच स्वर. आणि शाळकरी मुलाच्या आवाक्यातले म्हणावे तर ते तीनच: षड्ज, गंधार, पंचम. फार तर यांपैकी एखादा वरखाली दोन जागी. खळ्यांची चाल या तीन खुंट्यांवर टांगता येणे अशक्य. ती कंठासाठी जन्मली, तीही शाहिराच्या कंठासाठी. जे ज्याच्यासाठी रचलेले नाही ते त्याच्या गळ्यात बांधावयाचे आणि मग त्याच्या बेसूरपणाबद्दल उदार मनाने क्षमा करावयाची, ही आपली रीत आहे.

येथे कोणी म्हणेल की बँड हे वाद्यवृंदाचे रूपच परकीय, पलटणींबरोबर आलेले. आमच्या मींडीच्या संगीताचे आणि त्याचे जमावयाचे नाही. हा आक्षेप नवा नाही. एकदा तर तो राष्ट्राच्या दरबारात निघाला होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटनासमितीत राष्ट्रगीताविषयी जे निवेदन केले त्यात वाद्यवृंदावर व बँडवर कोणते गीत चांगले वाजते हा मुद्दा महत्त्वाचा होता, आणि ‘वंदे मातरम्’ त्या कसोटीस उतरत नाही असा त्याचा रोख होता. त्या दिवशी परभणी भारतात नव्हती. हैदराबाद संस्थान विलीन व्हावयास अजून तेवीस दिवस होते. तरी या गीताची किंमत मराठवाड्याने आधीच मोजलेली होती. १९३८ साली ते म्हटल्याबद्दल हैदराबाद व औरंगाबाद येथील विद्यार्थ्यांना महाविद्यालये सोडावी लागली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला.

मींडीच्या आक्षेपाला वादाने नव्हे, कृतीने उत्तर देणारा गायक महाराष्ट्रातलाच होता. भास्करबुवा बखले यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी ‘वंदे मातरम्’ला झिंझोटीत चाल बांधली, बँडमास्तरांचे साह्य घेऊन ती बँडवर बसविली आणि दिल्लीस जाऊन ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने झाला व ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्या निर्णयाची उजळणी मला करावयाची नाही. मला कौतुक आहे ते कृष्णरावांच्या निवडीचे. झिंझोटी हा खमाज थाटातील सरळ चालीचा राग. त्याचा प्राण एखाद्या स्वराच्या आंदोलनात अडकलेला नाही, आणि मंद्राकडे झुकणारा असल्यामुळे समुदायाच्या गळ्यास तो झेपतो. नाट्यसंगीतात ताना फेकणाऱ्या या गायकाने येथे आपला हात आखडता घेतला. त्यातच त्याची प्रतिभा दिसते. उणीव एवढीच की तो बँड कसलेल्या वादकांचा होता; पोरांच्या बँडसाठी पुढे कोणी हा मार्ग चोखाळला नाही.

असा मार्ग चोखाळणारा पाहावयाचा तर साता समुद्रांपलीकडे जावे लागते. न्यूयॉर्क शहरात १९३६ साली संगीत व कला यांसाठी एक माध्यमिक शाळा निघाली. तेथील वाद्यवृंदाचे शिक्षक अलेक्झांडर रिक्टर यांनी आरन कोपलंड या संगीतकाराकडे शब्द टाकला: तरुण मुलांना भावेल असे, आशावादी सुराचे, फार लांब नसलेले काही लिहून द्या. कोपलंड तेव्हा नावारूपास आलेले. हातातले नृत्यनाट्याचे काम बाजूस सारून त्यांनी १९३८ च्या शरदात ‘अ‍ॅन आउटडोअर ओव्हर्चर’ लिहिले आणि डिसेंबरात शाळेनेच ते प्रथम वाजविले. पुढे थोड्याच वर्षांत त्यांनी स्वतःच त्याचे बँडसाठी रूपांतर केले.

ही रचना थोर आहे असे मी म्हणणार नाही. शेवटी सगळ्या चाली एकत्र येतात तेथे थोडा गलबला होतो. पण आरंभ पाहा. भरघोस उठावणीनंतर सर्व वाद्ये मागे सरतात आणि एकट्या ट्रंपेटला एक लांब, निवांत पल्ल्याची चाल मिळते; खाली तंतुवाद्ये बोटांनी नुसता ठेका धरतात. पुढे गोड चाल येते ती आधी बासरीस, मग क्लॅरिनेटास. म्हणजे पंधरासोळा वर्षांच्या एका पोराने भरल्या सभेत एकट्याने वाजवावयाचे, आणि चुकला तर आधार कोणी द्यावयाचा नाही! इतका विश्वास संगीतकाराने त्याच्यावर टाकला. सोपे लिहिणे आणि क्षुल्लक लिहिणे यांत अंतर आहे, ते येथे कानाला कळते. वृत्ताचे बंधन कवीला जाचत नाही, मग बालवादकाच्या बोटांचे बंधन रचनाकाराला का जाचावे?

आमच्या बिगुलाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तो इतका दरिद्री वाटत नाही. त्याचे तीन स्वर मनुष्याने बसविलेले नाहीत, ते नळीतल्या हवेचे उपजत स्वर आहेत. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप झंकारतो, तोच बिगुलाचा गंधार. पेटीचा गंधार चढा असतो. बिगुलाचा तसा नाही. तेव्हा आमच्या गायकांनी ज्या पेटीला जवळ केले तिच्यापेक्षा हे पलटणीतले पितळेचे वाद्य आमच्या षड्जाला अधिक इमानी आहे, असे म्हटल्यास पेटीवाल्यांनी रागावू नये. दुर्गा त्याला चालणार नाही, कारण तेथे गंधार नाही. मालकंसात पंचम वर्ज्य आणि गंधार कोमल, म्हणून तोही बाद. पण भूप, शंकरा आणि कृष्णरावांची झिंझोटी यांत त्याचे तिन्ही स्वर शाबूत आहेत. बासरीने बिगुलाचा षड्ज मान्य करावा, रागाचे उरलेले स्वर तिने सांभाळावेत. बिगुलाने सम आणि विसावे राखावेत. आणि ठेका ताशाऐवजी लेझमीकडे द्यावा, जी आमच्या प्रत्येक शाळेच्या कोठीत गंजत पडलेली असते. हे करण्यास जाणत्या संगीतकाराला किती दिवस लागतील? रिक्टरने शब्द टाकला, तसा आमच्यापैकी कोणी टाकलेला माझ्या ऐकिवात नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी वर्गणी जमते. रचनेच्या मानधनासाठी ती मागावी हे कोणाच्या मनातही येत नाही.

समारंभ संपल्यावर मुले खाऊच्या रांगेत गेली. एक बिगुलवाला तेवढा मागे राहिला होता. भिंतीकडे तोंड करून तो षड्जावरून गंधारावर, गंधारावरून पंचमावर चढत होता, परत उतरत होता. गंधार एकदा फाटला, दुसऱ्यांदा मात्र लख्ख लागला. मास्तरांनी हाक मारली तशी बिगुल काखेत मारून तो रांगेकडे पळाला.