दप्तरातले गाणे

तंजावरविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केला असे कोणी म्हणताच, त्याच्याही दीडशे वर्षे आधी, १६९० च्या सुमारास, शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहिले होते असे दुसरा कोणी बजावतो. मग दोन्ही बाजूंनी लेख येतात, वाद रंगतो. नाटक मात्र कोणी करीत नाही. आद्यत्वाचा मान मिळाला की आमची तृप्ती होते. ते नाटक ऐकायला कसे होते, त्यातली दरू कोणत्या अंगाने गात असतील, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवत नाही.

याउलट उदाहरण पाहावयाचे तर दूर जावे लागेल. बीटल्स या इंग्रज वादकमंडळाचे १९६९ च्या जानेवारीत सुमारे ६० तासांचे चित्रीकरण झाले. त्यातून ‘लेट इट बी’ हा बोलपट १९७० साली निघाला. पुढे तोही बाजारातून नाहीसा झाला. चाहत्यांनी यावर जो संताप केला तो आमच्या रसिकांना बालिश वाटेल. चोरून काढलेल्या निकृष्ट प्रती त्यांनी हातोहात फिरविल्या आणि वर्षानुवर्षे तगादा सोडला नाही. अखेर २०२१ साली पीटर जॅक्सन यांनी त्या साठवणीतून जवळजवळ आठ तासांची मालिका सिद्ध केली, आणि २०२४ साली मूळ बोलपटही पुन्हा उपलब्ध झाला. त्या संगीताच्या योग्यायोग्यतेचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. आपल्या आवडीची वस्तू कोठेतरी बंद पडून आहे, या जाणिवेने माणसाला चैन पडू नये, एवढाच त्यातला भाग आम्हांस मोलाचा वाटतो. तंजावरच्या बाबतीत अशी बेचैनी कोठे आहे?

सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत; मोडी कागदांचे शेकडो बस्ते निराळेच. बीटल्सच्या चित्रफितींवर मालकी हक्काचे कुलूप होते. येथे तसे काही नाही. हे ग्रंथालय १९१८ पासून सार्वजनिक आहे आणि आपल्या शक्तीप्रमाणे ग्रंथ छापीतही आले आहे. मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तमिळ विद्यापीठाने १९८९ साली प्रसिद्ध केले. आपल्याच भाषेतले कागद शेजाऱ्याने आपल्या भाषेत वाचून काढावे आणि आपण त्या लिपीकडे नुसते कौतुकाने पाहावे, ही स्थिती दक्षिणेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी मनाला लावून घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) जगापुढे काय मांडावयाचे हे स्वतः ठरविले होते. भोसल्यांचा वंशेतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला. १८०५ साली देवनागरी छापखाना काढला, आणि पुढल्याच वर्षी तेथून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. कुळ दगडावर गेले, इसाप छापखान्यात गेला. स्वतःची नृत्यगीते मात्र कागदावर राहिली. यात राजाची उपेक्षा असावी असे आम्हांस वाटत नाही. गाणे गायिले जात होते, नाचणाऱ्या त्यावर नाचत होत्या. ते छापण्याची गरज कोणाला भासावी? छपाईची गरज गाणे थांबल्यावर लागते.

ही गीते ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ओळखली जातात. वाण्याच्या यादीत शोभावे असे हे नाव मोठे गोड आहे. कोर्वै म्हणजे तमिळमध्ये ओवणे, गुंफणे. एकेक निरूपण म्हणजे अठरा जिन्नसांची माळ: जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, स्वरजति, तिल्लाना, जक्किणी असे करीत शेवटी मंगळ. साऱ्या माळेत राग एक, ताल एक आणि कथाही एकच. आजच्या भरतनाट्याच्या मार्गात प्रत्येक रचना वेगळ्या रागाची असते. तो मार्ग ज्या चौघा बंधूंच्या नावे सांगितला जातो, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु याच दरबारात वावरले. म्हणजे एका रागात अठरा अंगांनी कथा खेळविण्याचा हा प्रयोग त्याच अंगणात झाला, आणि पुढे मागे पडला.

काव्य म्हणून या गीतांचे मोल करू गेल्यास फार काही हाती लागणार नाही. पुराणकथा ओळखीची, विशेषणे ठरीव, मराठीवर दक्षिणेची दाट छाया. आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी ती दोन ओळींत आटोपली, यात त्यांचा तितकासा दोष नाही. त्यांनी जे वाचले ते मुळात वाचण्यासाठी नव्हतेच. ज्या शब्दाला ताल धरावयाचा आहे तो कानाला कसा लागतो, हे डोळ्यांना कसे कळावे? मराठी जाणणाऱ्याला कर्नाटक संगीताचा ताल कळत नाही, आणि ताल जाणणाऱ्याला मराठी कळत नाही. या दोहोंच्या मधल्या बोळात हे गाणे अडकून पडले आहे.

ते सुटू शकते, याचा दाखला शहाजीराजांच्याच तेलुगू ‘पल्लकी सेवा प्रबंधा’त आहे. तो पी. सांबमूर्ती यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला आणि गाणाऱ्यांच्या हाती पुन्हा आला. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास तेलुगू भागवतमेळा आजही होतो. इतर दिवशी आपापल्या उद्योगांत गुंतलेले गृहस्थ त्या रात्री लीलावती, प्रल्हाद होतात. तेलुगूला तमिळ मुलखात एक गाव लाभले. मराठी नाटकांना ते लाभले नाही, आणि आमची मंडळे सणासुदीला पुण्यामुंबईहून नाट्यगीतांचे गायक बोलावून आपली हौस भागवितात.

यावर जाणकार म्हणतील की राग आणि ताल लिहिलेले असले तरी गमक कागदावर उतरत नाही. आज गायिलेले ते सरफोजींचे गाणे नव्हे, आजच्या गवयाची कल्पना होय. आक्षेप खरा आहे. पण बीटल्सच्या चाहत्यांनी धूसर, खरखरणारी प्रतही जिवापाड जपली होती. दोनशे वर्षांच्या निर्दोष मौनापेक्षा चुकलेली स्वरजति आम्ही पत्करू. चूक ऐकू आली तर निदान कोणी ती दुरुस्त करावयाला तरी उठेल. त्यासाठी साऱ्या निरूपणांची आरंभीच गरज नाही. एखादा नट्टुवनार, तालासकट बोल सांगणारा, एखादी गायिका, आणि त्यांना मराठीचे उच्चार समजावून देणारा, ‘च’ आणि ‘ळ’ यांवर अडून बसणारा आपल्यातला एक मनुष्य, एवढे जमले तरी एका माळेतला अलारु आणि एक पद उभे राहील.