'भास होणे' आणि 'ऐकू येणे'

काही प्रतिजैविकांमुळे रुग्णाचे मनोव्यापार बिघडतात व क्वचित् त्यास नसलेले आवाज ऐकू येतात, ही गोष्ट वैद्यकास नवीन नाही. प्रोकेन पेनिसिलिनच्या सुईनंतर लगेच उद्भवणारी मृत्युभीती आणि भ्रम ह्यांचे वर्णन होइन्ये व शोख ह्यांनी १९५९ साली केले. फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील औषधांच्या मानसिक परिणामांविषयीचा इशारा अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने २०१८ साली अधिक कडक केला. आपल्याकडे ह्या प्रश्नाचे सर्वांत निकटचे रूप म्हणजे सायक्लोसेरीन. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर हे औषध दीर्घकाळ दिले जाते. असा क्षय मुंबई परिसरात किती बळावला आहे, ह्याकडे हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांच्या २०१२ सालच्या टिपणाने जगाचे लक्ष वेधले होते. सायक्लोसेरीनचा परिणाम मेंदूवरही होतो. खिन्नता, आत्मघाताचे विचार व श्राव्य भ्रम हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम होत. वेळीच ओळखल्यास वैद्य मात्रा कमी करतो वा औषध बदलतो, आणि बहुधा लक्षणे ओसरतात. तेव्हा सारे ओळखण्यावर, म्हणजेच रुग्णास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय तो प्रश्न होय.

'तुम्हाला भास होतात का?' हे त्या प्रश्नाचे सहज सुचणारे मराठी रूप. आमच्या मते ते सदोष आहे. मराठीत श्रवणाचा अनुभव किमान चार प्रकारे सांगता येतो. 'मी ऐकतो' येथे बोलणारा कर्ता आहे. 'मला ऐकू येते' येथे तो चतुर्थ्यन्त, केवळ अनुभव घेणारा असून ध्वनी बाहेरचा मानलेला आहे. 'मला वाटले, कोणी हाक मारली' येथे खरेखोटेपणाचा निर्णय राखून ठेवला आहे. 'मला भास झाला' येथे मात्र तो निर्णय झालेलाच आहे: ध्वनी नव्हता, हे बोलणारा स्वतः मान्य करतो. अर्थात् 'भास' हा शब्द अनुभवाचे नाव नसून त्यावर दिलेला निवाडा आहे.

यावरून काय निष्पन्न होते? ज्यास आपला अनुभव खोटा असल्याची जाणीव आहे, तोच रुग्ण 'होय' म्हणेल. ज्याची ती जाणीव हरपली आहे, त्यास आवाज खराच वाटतो. तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. म्हणजे ज्यास धोका अधिक, तोच ह्या प्रश्नातून निसटतो.

पाठ्यपुस्तकांतील 'निर्वस्तुभ्रम' ही संज्ञा शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात निदान दोरी तरी असते. येथे दोरीही नसते, हा भेद ती नेमका दाखविते. परंतु ती वर्गातील संज्ञा आहे, रुग्णाशी बोलण्याची नव्हे.

शीळफाट्यासारख्या ठिकाणी ही अडचण वाढते. जुना मुंबई-पुणे रस्ता व कल्याणचा रस्ता जेथे मिळतात, तेथे आगरी बोली, प्रमाण मराठी, हिंदी व उर्दू नित्य कानी पडतात. हिंदी-उर्दूतील 'वहम' हा शब्दही 'भासा'प्रमाणेच निवाडा देतो, तर 'सुनाई देना' हा प्रयोग 'ऐकू येणे' ह्याच्या जवळ आहे. 'झपाटणे', 'बाधा होणे', 'अंगात येणे' हे शब्दप्रयोग अनुभव नाकारीत नाहीत, पण त्याचे कारण औषधापासून दूर नेऊन ठेवतात. रुग्णालयाची भाषा अनुभव नाकारते आणि भगताची भाषा तो स्वीकारते. मग कुटुंब प्रथम कोणाकडे जाईल, हे सांगावयास नको.

यावर असा आक्षेप येईल की, 'आवाज ऐकू येतात का?' असे विचारल्यास चाळीत राहणारा प्रत्येकजण 'होय' म्हणेल. शेजारच्या खोलीतील बोलणे भिंतीतून येतेच. आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर 'भास' शब्दाकडे परतणे नव्हे. 'जवळ कोणी नसताना बोलणे ऐकू येते का? ते घरातील इतरांनाही येते का? ही औषधे सुरू होण्यापूर्वी येत होते का?' असे तीन साधे प्रश्न पुरेत. त्यांत निवाडा नाही. तो वैद्याने करावयाचा आहे. मात्र उत्तर 'होय' आले, तरी औषध रुग्णाने आपणहून थांबवू नये, हेही त्याच भाषेत सांगितले पाहिजे. कारण अर्धवट उपचाराने क्षय अधिक हट्टी होतो.

परिभाषा घडविणाऱ्यांनी आजवर संज्ञेची अचूकता पाहिली, हे योग्यच झाले. आता त्या संज्ञेने विचारलेला प्रश्न आजाऱ्यास कसा ऐकू येतो, हेही पाहावयास हवे.