हवेतली वीज आणि गुणाकाराचा कंटाळा

मंडळी, आज सुरुवात एका डबीपासून करू. जानेवारी २०१० मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात 'आरसीए एअरनर्जी' नावाचा चार्जर मांडला होता. आसपासच्या वाय-फाय लहरी शोषायच्या, आतली बॅटरी भरायची, तिच्यातून फोन चार्ज करायचा. ब्लॅकबेरी ३० टक्क्यांवरून साधारण ९० मिनिटांत पूर्ण भरला, अशा बातम्या आल्या. गुणाकार करायला फारसं कुणी बसलं नाही. आपण बसू.

त्या काळच्या फोनची बॅटरी साधारण ५ वॅट-तासांची. तिचे ७० टक्के दीड तासात भरायचे तर सव्वादोन वॅटच्या वर शक्ती हवी. आणि घरातला राउटर हवेत सोडतो किती? ०.१ वॅटच्या आसपास! म्हणजे राउटरला चहूबाजूंनी अँटेनात गुंडाळून टाकलंत (मग इंटरनेट विसरा) तरी हिशोब वीसपटीहून जास्त कमी पडतो. मग फोन भरला कसा? आतली बॅटरी आधीच भरलेली असेल तर कुठलाही फोन भरतो. त्या प्रात्यक्षिकातून लहरींबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आमचा मुख्य आक्षेप हाच.

आता न गुंडाळता बघा. राउटरपासून ३ मीटरवर ती शक्ती ११३ चौरस मीटरच्या गोलावर पसरलेली असते. २.४ गिगाहर्ट्झवर साध्या अँटेनाची पकड जेमतेम १२ चौरस सेंटिमीटरची. हाती येतो सुमारे १ मायक्रोवॅट, तोही राउटर अखंड बोलत राहिला तर. आजच्या १५ वॅट-तासांच्या फोनला यावर सतराशे वर्षं लागतील. शिवाय इतक्या क्षीण लहरीवर डायोड नीट उघडतच नाही, त्यामुळे त्या एकातलंही बरंचसं वाटेतच जातं.

मग सगळं थोतांड का? नाही हो. २००९ मध्ये सॅम्पल आणि स्मिथ या संशोधकांनी सिअ‍ॅटलमध्ये ९६० किलोवॅटच्या टीव्ही मनोऱ्यापासून ४.१ किलोमीटरवर ६० मायक्रोवॅट मिळवले आणि त्यावर तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र चालवलं. आम्हाला हा प्रयोग फार आवडतो. मनोरा केवढा, मिळकत केवढी, सगळं उघड मांडलंय.

२०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचा बिनबॅटरीचा फोन आला, खर्च अवघे काही मायक्रोवॅट. कमाल काम! पण त्याला लहरी पुरवणारं केंद्र मुद्दाम जवळ ठेवलेलं होतं. आपल्या गाडीवरचा फास्टॅगही तसाच, टोलनाक्यावरचा रीडर त्याला शक्ती देतो. याला हवेत सांडलेली ऊर्जा वेचणं म्हणू नये. कुणीतरी वीजबिल भरून ती पाठवतंय.

खोलीत दिवा असेल तर कॅल्क्युलेटरवरची सौरपट्टी या अँटेनापेक्षा कितीतरी जास्त कमावते. २०२२ मध्ये सॅमसंगने वाय-फाय लहरींवर चार्ज होणारा रिमोट दाखवला, त्याच्या पाठीवर सौरपट्टी होतीच.