तयार निबंधांचा बाजार

भाईंदरच्या आमच्या विद्यार्थ्यांनी राज्यसेवेच्या परीक्षेसाठी विकत घेतलेली निबंधांची पाच-सहा पुस्तके आम्ही गेल्या महिन्यात ओळीने वाचून काढली. त्यांची नावे येथे देत नाही; एकाचे मुखपृष्ठ दुसऱ्यास चढविले तरी आतल्या मजकुरास बाध येऊ नये, इतके त्यांचे परस्परसाम्य आहे. प्रत्येक निबंध एखाद्या थोर पुरुषाच्या वचनाने सुरू होतो, मध्ये फायदे व तोटे यांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात, आणि शेवटी सर्वांनी मिळून काहीतरी केले पाहिजे, असा निकाल लागतो. विषय पाणी असो, लोकशाही असो वा स्त्रीशिक्षण असो, हा क्रम म्हणून ढळत नाही.

ह्या मालास एकाएकी उठाव का आला, हे उघड आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे २०२२ साली जाहीर केले. उमेदवारांनी पुण्यात आंदोलन केल्यावर, ती २०२५ पासून अमलात आणावयाचे २०२३ च्या आरंभी ठरले. भाषेचा एक पेपर सोडला तर तोवर काम वर्तुळात शाई भरण्याचे होते. आता लिहावयाचे आहे. मराठीचा पेपर ३०० गुणांचा, पण केवळ पात्रतेचा. शेकडा २५ गुण मिळाले की भागले, आणि ते पुढे मोजले जात नाहीत. निबंधाचे २५० गुण मात्र अंतिम बेरजेत धरले जातात. तेव्हा विद्यार्थी पहिल्या पेपरास तुच्छ लेखतो, आणि दुसऱ्यास भिऊन बाजारात धावतो.

आमच्या मते सारा घोटाळा येथेच आहे. तुच्छ लेखलेल्या त्या पेपरातले सारांशलेखन हीच निबंधाची खरी तालीम होय. उताऱ्याचा तिसरा हिस्सा करावयाचा म्हटले, की कोणते वाक्य भार वाहते आणि कोणते नुसते मिरवते, हे पाहावेच लागते. आम्ही ह्या पुस्तकांतला एक सहा पानी निबंध वर्गास दिला व त्याची दोन पाने करावयास सांगितले. एका मुलीने चारच ओळी लिहून आणल्या. कारण विचारता ती संकोचून म्हणाली, “सर, ह्याहून अधिक त्यात काही सापडले नाही.” त्या ग्रंथाचे याहून नेमके परीक्षण आम्हांस करता आले नसते.

दुसऱ्या एका मुलाने पाण्यावरचा निबंध मुखोद्गत करून आणला होता. त्यात ऋषिमुनी होते, जागतिक तापमानवाढ होती. त्याच्या स्वतःच्या सोसायटीत येणारा टँकर तेवढा नव्हता. आम्ही त्यास इतकेच विचारले, की टँकर किती वाजता येतो, त्याची वाट कोण पाहत बसते, आणि पैशांवरून भांडण झाले तर ते मिटते कसे? पुढच्या आठवड्यात त्याने दोन पाने लिहिली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ढीगभर होत्या. तथापि पाण्याची वाटणी हा न्यायाचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या पानांतून आपोआप निघाली. ह्याच मुलांतला कोणी उद्या तहसीलदार होईल, आणि एखाद्या गावच्या टंचाईचा अहवाल त्यास लिहावा लागेल. तेथे ऋषिमुनींचा काय उपयोग?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले. त्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत. जोतीराव फुल्यांवरील त्यांची टीका तर आज वाचवत नाही. परंतु तेथे एक मनुष्य आपले स्वतःचे म्हणणे हट्टाने मांडतो आहे, ह्याविषयी संशय राहत नाही. त्याच ‘निबंध’ शब्दाखाली आज जे विकले जाते, त्यात बोलणारा कोणी नाहीच.

आमच्या गावी ही अडचण दुहेरी आहे. वर्गात कोणाच्या घरी गुजराती, कोणाच्या हिंदी वा मारवाडी, तर उत्तनच्या मुलांची मराठी बोली पुस्तकी मराठीहून निराळी. आपली भाषा अशुद्ध ठरेल, ह्या धास्तीने ही मुले छापील वाक्यांच्या आड लपतात. २०२५ च्या जुलैत मीरा रोडला मराठीवरून उलटसुलट मोर्चे निघाले. ती लिहावयास ह्या मुलांस कोणी शिकवावे, हा प्रश्न त्यात कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अर्थात आम्ही प्राध्यापकही निर्दोष नव्हे. वर्षानुवर्षे ‘निबंधाचे मुद्दे’ फळ्यावर लिहून देणारे आम्हीच; बाजाराने फक्त ते मुद्दे बांधून विकले.

ह्या पुस्तकांत कामाचा भाग एकच, तो म्हणजे शेवटी छापलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. तेवढी पाने वर्गासाठी उतरवून घेतली, आणि पुस्तके ज्यांची त्यांस परत केली.