शिंपल्यांची बाग आणि खडकावरचे बाळ

फ्रांस्वा बुशे या अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकाराची मुले बागेत असतात, पण खेळत नाहीत. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात त्याची व त्याच्या कार्यशाळेची एक चित्रमाला आहे. तीत गुबगुबीत बालके मासेमारी करतात, मूर्ती घडवितात, रसायनांचे प्रयोगही करतात. गुलाबी-निळ्या रंगांनी डोळे निवतात. पण ही मुले भुकेने कधी रडली असतील, असे आम्हांस क्षणभरही वाटत नाही. ती मोठ्यांच्या करमणुकीसाठी मांडलेली आहेत.

या शैलीचे 'रोकोको' हे नाव फ्रेंच 'रोकाय' या शब्दाशी जोडले जाते. रोकाय म्हणजे उद्यानातील कृत्रिम गुहांवर केलेली खडक-शिंपल्यांची सजावट. थळच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास याची गंमत वाटावी! येथे खडकाला शिंपले चिकटतात ते सजावटीसाठी नव्हे. कालवे फोडताना बोटे सोलवटतात.

बुशेच्या आधी, सतराव्या शतकात, गोव्यातही खडक, बाग आणि बालक एकत्र आले होते, पण हस्तिदंतात. उत्तम मेंढपाळाच्या त्या मूर्ती हातभरही उंच नसतात. डोंगराच्या माथ्यावर बाळ येशू पाय दुमडून बसलेला, डोळे मिटलेले, गाल बोटांवर टेकलेला. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली कारंजे, त्यावर पाणी पिणारे पक्षी आणि मेंढरे. या बाळात कुणा अभ्यासकाला ध्यानस्थ बुद्ध दिसतो, कुणाला गोपाळकृष्ण. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, असे निर्बंध गोव्यात सोळाव्या शतकातच घातले गेले होते. तरी ते हात थांबले नाहीत. आफ्रिकेतून आलेल्या सुळ्यात त्यांनी आपल्या ओळखीची शांती कोरली. आमच्या मते निर्बंध हरले, हे मूर्तिकलेचे भाग्यच.

तरीही एक उणीव आम्हांस बोचते. हे बाळ फारच शहाणे आहे; वाडीतल्या पोरासारखे ते रहाटाच्या पाण्यात पाय बुडवणार नाही. बुशेने बालपणाचे खेळणे केले, गोव्याने त्याचे ध्यान केले. आणि आम्ही? नाताळच्या गोठ्यासाठी दरवर्षी बाजारातून गुलाबी गालांचे बाळ आणतो. ते बुशेच्याच कुळातले आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

त्या हस्तिदंती डोंगराच्या अगदी तळाशी एक गुहा असते. रोकोकोच्या गुहेसारखी ती रिकामी नसते. तेथे मरिया माग्दालेना आडवी पहुडलेली असते, बहुधा पुस्तक वाचीत. वर बाळ झोपले आहे की जागे, हे ती मान वर करून पाहत नाही.