वर्ग, यंत्र आणि शिक्षक : लॅरी क्युबन यांच्या प्रतिपादनाचा पुनर्विचार

अमेरिकन शिक्षण-इतिहासकार लॅरी क्युबन यांचा ‘टीचर्स अँड मशीन्स’ (१९८६) हा ग्रंथ वर्गातील तंत्रज्ञानाची चर्चा साधनाकडून शिक्षकाकडे वळवितो. १९२० नंतर चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक क्रमाने शाळेत आले. प्रत्येकाविषयी मोठी आश्वासने दिली गेली, वापर मात्र तुरळक राहिला. क्युबन याचा दोष केवळ शिक्षकाच्या वृत्तीला देत नाहीत. विद्यार्थिसंख्या, ठरलेल्या तासिका व अभ्यासक्रमाचे ओझे यांत जे सोयीचे, तेच शिक्षक स्वीकारतो. म्हणूनच खडू-फळा टिकला.

महाराष्ट्राचा अनुभव या मताला पुष्टी देतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती आली. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. येथे साधन शिक्षकाच्या गरजेतून घडले, वरून लादले गेले नाही.

तथापि याच उदाहरणातून क्युबन यांच्या विवेचनाची मर्यादाही स्पष्ट होते. त्यांचे लक्ष वर्गाच्या भिंतींशी थांबते. क्यूआर कोड मात्र घरातील मोबाइलची अपेक्षा धरतो. पालक मोबाइल घेऊन मजुरीला गेल्यावर तो कोड मुलासाठी निव्वळ छापील चौकोन उरतो. म्हणून तंत्रज्ञानाचे मूल्यमापन शिक्षकाच्या सोयीबरोबरच विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीवरूनही व्हावयास हवे.